पोटात ढवळणाऱ्या कादंबरीचा उपहासात्मक हॉरर सिनेमा कसा करायचा? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

एखादी कादंबरी वाचून जेवण जात नाही आणि तरीही डोक्यात किडा वळवळत राहतो की यावर सिनेमा झाला पाहिजे यार, असं ज्यांना होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा पुस्तकाचा सरळसोट रक्तपाताचा सिनेमा करणं तुलनेनं सोपं असतं, पण तेच पुस्तक जर आतून हसत असेल, म्हणजे भीती आणि टिंगल एकाच वाक्यात असेल, तर काम अवघड होतं, आणि नवखे लोक इथेच घसरतात.

उदाहरण एकच घेतो, उगाच दहा नावं फेकत नाही. ब्रेट ईस्टन एलिसची 'अमेरिकन सायको' ही १९९१ ची कादंबरी, आणि तिच्यावर मेरी हॅरनने केलेला २००० सालचा त्याच नावाचा सिनेमा. ऐंशीच्या दशकातलं न्यूयॉर्क, वॉल स्ट्रीट, भारी सूट घालणारा सत्तावीस वर्षांचा पॅट्रिक बेटमन दिवसा ऑफिसात टाइमपास करतो आणि रात्री माणसं मारतो, किंवा मारतो असं आपल्याला सांगतो. पुस्तक इतकं वादग्रस्त की आधीच्या प्रकाशकाने, म्हणजे सायमन अँड शूस्टरने, छापायच्या तोंडावर अंग काढून घेतलं आणि मग व्हिंटेजने ते बाजारात आणलं. स्त्री संघटनांनी बहिष्काराची हाक दिली, ऑस्ट्रेलियात ते आजही अठराच्या वरच्यांनाच विकतात. अशा पुस्तकाचा दोन बायकांनी मिळून (पटकथा हॅरन आणि ग्विनिव्हिअर टर्नर यांची) असा सिनेमा केला की लोक थिएटरात हसले. कसा केला ते बघितलं की आपल्यालाही रस्ता सापडतो.

पायरी १: पुस्तक दोनदा वाचा, दोन रंगांचे पेन घेऊन

पहिल्या वाचनात काही करू नका, फक्त वाचा. दुसऱ्यांदा वाचताना जिथे पोटात ढवळलं तिथे लाल खूण, आणि जिथे हसू फुटलं, अगदी नको असताना फुटलं, तिथे हिरवी. शेवटी पानं चाळून बघा. हिरवं जवळजवळ नसेलच तर विषय संपला, त्यात उपहास नाहीये, तुम्ही तो बाहेरून चिकटवणार आणि तो चिकटवलेलाच दिसणार. सरळ हॉरर करा मग, त्यात कमीपणा काही नाही.

'अमेरिकन सायको'मध्ये हिरवं कुठे सापडतं? कोणी कुठल्या कंपनीचा सूट घातलाय, टाय कुठला, बूट कुठले, याच्या पानंच्या पानं याद्या आहेत, वाचताना कंटाळा येतो आणि तो मुद्दामच आणलाय. तोच माणूस त्याच सपाट आवाजात खून पण सांगतो. शर्टाचं वर्णन आणि खुनाचं वर्णन यात आवाज जराही चढत-उतरत नाही, आणि सगळा उपहास तिथे बसलेला आहे. तुमच्या पुस्तकात अशी जागा कुठली ते शोधा आणि एका कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण तिसऱ्या ड्राफ्टपर्यंत तुम्ही ती विसरणार आहात.

पायरी २: हक्क

कंटाळवाणं आहे पण आधी हेच करायचं. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे आजोबांच्या कपाटातलं जुनं पुस्तक आहे म्हणून ते मोकळं असेल असं नाही, लेखक कधी गेले ते बघा. हक्क घेताना तोंडी 'हो हो करा' याला काही अर्थ नाही, लेखीच लागतं, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. मग फेस्टिव्हलला बाहेर पाठवताना डोकं धरून बसाल. अजून एक, हक्क विकल्यावरही आपल्या कलाकृतीची मोडतोड होऊन बदनामी होत असेल तर लेखक हरकत घेऊ शकतो. त्यामुळे आपण काय टोनमध्ये करतोय, कुठे कापणार आहोत हे लेखकाला आधीच मोकळेपणाने सांगा. वकील करा, ओळखीतल्या कोणाकडून फॉरवर्ड झालेला करार वापरू नका. स्वतःची पटकथा पूर्ण झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये ऑनलाइन नोंदवून टाका.

पायरी ३: हसायचं कोणावर, ते एका वाक्यात

हे नीट झालं नाही तर पुढचं सगळं फुकट. आपण हसतोय तो खुनी, बळी, आजूबाजूचा समाज, की वाचक स्वतः? बळींवर हसू आलं तर सिनेमा मेला, आणि मरायलाच पाहिजे.

हॅरन आणि टर्नरने पुरुषांच्या मिरवण्यावर हसायचं ठरवलं. त्यांचा बेटमन हा काही गूढ, हुशार, थंड डोक्याचा राक्षस नाहीये, तो एक बावळट आहे ज्याला भारी रेस्टॉरंटमध्ये टेबल मिळत नाही. 'डॉर्सिया'ला फोन करून आज रात्रीचं रिझर्व्हेशन मागतो तर पलीकडून नुसतं हसतात. खुनी म्हणलं की आपल्या डोक्यात लगेच बुद्धिबळ खेळणारा, शास्त्रीय संगीत ऐकणारा कोणीतरी येतो, आणि पहिल्या ड्राफ्टमध्ये नवखे लोक नकळत त्याच्या प्रेमात पडून त्याला भारी भारी डायलॉग देतात. देऊ नका. डायलॉग द्या पण पोकळ द्या, पाठ केलेले वाटतील असे.

पायरी ४: कॅमेरा त्याच्या डोक्यातून बाहेर काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. अशा कादंबऱ्या बहुतेक वेळा 'मी'च्या तोंडून असतात. पुस्तकात तुम्ही त्या माणसाच्या कवटीत कोंडलेले असता, जवळपास ४०० पानं, खिडकी नाही. सिनेमात मात्र कॅमेरा आपोआप बाहेर उभा असतो, समोर त्याचा चेहरा दिसतो, घाम दिसतो, कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाहीये हे दिसतं. बरेच जण या फरकाला घाबरतात आणि पुस्तकातलं सगळं 'मी मी' व्हॉइसओव्हरमध्ये कोंबतात, म्हणजे चित्र एक सांगतंय आणि आवाज तेच सांगतोय, दुप्पट कंटाळा. उलट हा फरक म्हणजे तुम्हाला फुकटात मिळालेला उपहास आहे. तो स्वतःबद्दल जे समजतो आणि आपल्याला जे दिसतं, यातली फट जितकी मोठी तितकं हसू मोठं.

सिनेमातला सकाळचा सीन आठवा. बर्फाची पिशवी डोळ्यांवर, पोटाचे व्यायाम, मग एकामागून एक क्रीम, लोशन, फेस मास्क. व्हॉइसओव्हर आहे, पुस्तकातूनच उचललाय, पण तो एखाद्या जाहिरातीसारखा वाचलाय आणि समोर एक माणूस चेहऱ्यावरून पारदर्शक पापुद्रा सोलून काढतोय. दोन्ही एकत्र आल्यावर जे होतं ते पुस्तकात होऊ शकत नव्हतं. तेव्हा नियम असा ठेवा की व्हॉइसओव्हर तिथेच, जिथे चित्र त्याला खोटं पाडतंय किंवा त्याची फजिती करतंय. बाकीचा उडवा.

दुसरी गोष्ट, बाकीच्या पात्रांना डोळे द्या. पुस्तकात बायका त्याला दिसतात तशाच आपल्याला दिसतात, म्हणजे वस्तू. हॅरनने रस्त्यावरून आणलेल्या क्रिस्टीचा चेहरा जवळून दाखवला, ती दुसऱ्यांदा गाडीत बसायला का कू करते, पैसे बघते, तिचा हिशेब आणि तिची भीती दोन्ही आपल्याला कळतं. आणि शेवटाकडे सेक्रेटरी जीन (क्लोई सेव्हिनी) एकटी ऑफिसात त्याची डायरी उघडते, पानापानावर चितारलेली मारझोड बघते. बेटमन त्या खोलीत नाहीच. गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकायची झाली असती तर हा सीन मिळालाच नसता. तुमच्या पटकथेत असा निदान एक सीन हवा जिथे 'तो' हजर नाही आणि दुसरं कोणी त्याला बघतंय, समजून घेतंय. लिहून बघा, सगळ्या सिनेमाची हवा बदलते.

पायरी ५: काय कापायचं

लाल खुणा मोजा आणि त्यातल्या बहुतेक कापा. हो, खरंच. पुस्तकात छळाची वर्णनं आहेत ती इतकी पराकोटीची आहेत की मी इथे लिहिणार पण नाही, सिनेमात त्यातलं फारच थोडं आलंय, आणि जे आलंय त्यातलं पण बरंचसं चौकटीबाहेर घडतं. कुऱ्हाडीचा वार होतो तेव्हा कॅमेरा बेटमनच्या तोंडावर आहे, रक्त त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर उडतं, घाव कुठे बसला ते दिसत नाही.

लोकांना वाटतं हे सेन्सॉरच्या भीतीने करायचं असतं. कारण वेगळंय. कागदावरचं वर्णन वाचक आपल्या वेगाने घेतो, नको झालं तर चार ओळी गाळतो, पडद्यावर तसं करता येत नाही. खरं मांस दिसलं की हसायची यंत्रणाच बंद पडते आणि पुढची दहा मिनिटं प्रेक्षक तुमच्या कुठल्याच विनोदाला दाद देत नाही, नुसता अंग चोरून बसतो. म्हणून हिंसेचा साठा कमी ठेवायचा आणि ती कुठे खर्च करायची ते ठरवून करायचं. मिरवणं मात्र एक इंचही कापायचं नाही, याद्या, ब्रँड, मेनूकार्ड, सगळं ठेवा, फक्त ते बोलण्यातून कमी आणि दिसण्यातून जास्त येऊ द्या.

सिनेमाची श्रेयनामावली बघा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल थेंब पडतात, सुरी चमकते, आपण सावरून बसतो आणि मग कळतं की हे महागड्या हॉटेलातल्या ताटलीवरचं सॉस आहे. पहिल्या मिनिटातच सांगून टाकलं की इथे रक्त आणि जेवण एकाच नजरेने बघायचं. तुमच्याकडेही असा पहिला मिनिट हवा, कारण प्रेक्षकाला हसायची परवानगी लवकर द्यावी लागते, अर्ध्या तासाने दिली तर तो घेत नाही.

पायरी ६: लांबलांबची प्रकरणं एकमेकांवर आदळा

पटकथेची खरी मजा इथे आहे. पुस्तकात मध्येच, कुठलाही संबंध नसताना, बेटमन जेनेसिस, व्हिटनी ह्यूस्टन आणि ह्युई लुईस अँड द न्यूज यांच्या गाण्यांवर अख्खी प्रकरणं लिहितो, वर्तमानपत्री परीक्षणासारखी. वाचताना गंमत वाटते, पण पडद्यावर माणूस बसून कॅसेटचं परीक्षण वाचतोय हे कोण बघणार? पटकथाकारांनी काय केलं, ती परीक्षणं उचलली आणि त्याच्या तोंडी दिली, ती पण तो पाहुण्यांना घरी आणतो त्याच वेळी. पॉल अॅलन (पुस्तकात हा पॉल ओवेन आहे, जॅरेड लेटोने केलाय) दारू पिऊन बसलेला, खाली वर्तमानपत्रं अंथरलेली, बेटमन पारदर्शक रेनकोट चढवून ह्युई लुईसच्या अल्बमवर लेक्चर झोडतोय, जरासा नाचतोय पण, आणि मग कुऱ्हाड. पुस्तकातली दोन वेगळी टोकं एका खोलीत आणल्यावर एक नवाच सीन जन्माला आला, आणि आज सिनेमा म्हणलं की लोकांना तोच आठवतो.

दुसरं उदाहरण व्हिजिटिंग कार्डांचं. मीटिंग रूममध्ये चार-पाच जण आपापली कार्डं काढतात, सगळी जवळपास सारखीच, सगळ्यांवर व्हाइस प्रेसिडेंट, आणि 'अॅक्विझिशन्स'चं स्पेलिंग पण सगळ्यांवर चुकलेलं. बेटमनला घाम फुटतो कारण दुसऱ्याचं कार्ड जास्त भारी निघालं. सिनेमात याच्या लगेच पुढचा सीन म्हणजे रात्री गल्लीत एका बेघर माणसाचा आणि त्याच्या कुत्र्याचा जीव जातो. पुस्तकात या दोन गोष्टी शेजारी नाहीत. शेजारी ठेवल्या की एक शब्द न बोलता कारण आणि परिणाम तयार झाला: कार्ड हरला म्हणून माणूस मेला. इतकं क्षुल्लक कारण, हसू येतं आणि लगेच आपल्याच हसण्याची लाज वाटते.

तर करायचं असं की सगळी प्रकरणं छोट्या चिठ्ठ्यांवर लिहा, हिरव्या एका बाजूला लाल दुसऱ्या बाजूला, आणि जमिनीवर पसरून जोड्या लावत बसा. कुठला क्षुल्लक अपमान कुठल्या भयंकर गोष्टीच्या आधी बसतो? दोन-तीन जोड्या जरी जमल्या तरी सिनेमाचा कणा तयार. पुस्तकाचा क्रम पवित्र मानू नका, लेखकाला पण तो तितका पवित्र नसतो, एलिसने स्वतः आधी एक पटकथा लिहिली होती तिचा शेवट वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या गच्चीवर नाचगाण्याने होत होता.

पायरी ७: नट

नटाला एकच सांगायचं, तू विनोदी सिनेमात आहेस हे तुला माहीत नाहीये. त्याने डोळा मारला की संपलं. बेटमन झालेल्या क्रिश्चन बेलने टॉम क्रूझची टीव्हीवरची एक मुलाखत बघितली आणि त्यातला ओसंडून वाहणारा मनमोकळेपणा आणि त्यामागचं रितेपण त्याने उचललं, असं हॅरनने सांगितलंय. पुस्तकातल्या वर्णनापेक्षा अशी एक ठोस गोष्ट नटाला जास्त कामी येते.

डिटेक्टिव्हचा किस्सा तर शिकण्यासारखा. बेटमनची चौकशी करणारा डिटेक्टिव्ह झालेल्या विलेम डॅफोकडून हॅरनने तोच सीन तीन प्रकारे करून घेतला, एकदा त्याला बेटमनच खुनी आहे हे माहितीये असं समजून, एकदा माहीत नाही असं, एकदा नुसता संशय आहे असं. एडिटला तिन्ही मिसळले. म्हणून तो समोर बसला की आपल्याला पण काही अंदाज येत नाही. खर्च काय आला? जास्तीचे टेक, बाकी काही नाही. शॉर्ट फिल्म करणाऱ्यांनी हे उद्याच्या उद्या वापरून बघावं.

पायरी ८: पैसे आणि ब्रँड

मध्ये एकदा या सिनेमासाठी लिओनार्डो डिकॅप्रिओचं नाव पुढे आलं, मानधनाचा आकडा २ कोटी डॉलर सांगितला जात होता, दिग्दर्शक म्हणून ऑलिव्हर स्टोन, आणि हॅरनला बाजूला व्हावं लागलं. ते सगळं फिसकटल्यावर ती परत आली, तिच्या पसंतीच्या बेलला घेऊन, आणि सिनेमा साधारण ७० लाख डॉलरमध्ये झाला, जगभरात ३ कोटी ४० लाखांच्या आसपास कमावले. माझं मत विचाराल तर अशा विषयाला पैसे कमी असलेलेच बरे, स्टार आला की त्याची प्रतिमा सांभाळायला चार माणसं येतात आणि पहिली धार तिथेच बोथट होते.

ब्रँड दाखवायचे तर परवानगी मागा आणि नकाराची तयारी ठेवा. रोलेक्सने नाव घेऊ दिलं नाही, म्हणून पुस्तकातल्या वाक्यातलं 'रोलेक्स' जाऊन नुसतं 'घड्याळ' आलं. चेरुटीने कपडे वापरू दिले पण खून करताना अंगात आमचे कपडे नकोत म्हणे! हे वाचून मला वाटलं की ही अट पटकथेतच घालायला हवी होती. गाण्यांचे हक्क शूटच्या आधी घ्या, आणि सिनेमात वापरायचा हक्क वेगळा, साउंडट्रॅक अल्बमवर टाकायचा वेगळा, ह्युई लुईसचं गाणं अल्बममधून नंतर काढावं लागलं होतं.

पायरी ९: शेवट

'खरंच घडलं की सगळं त्याच्या डोक्यात?' हा प्रश्न अशा प्रत्येक कादंबरीत येतो. स्वप्नाचा मार्ग सगळ्यात स्वस्त, टाळा. सिनेमाच्या शेवटी बेटमन वकिलाला सगळं कबूल करतो तर वकील त्याला भलत्याच नावाने हाक मारतो आणि सांगतो की पॉल अॅलनबरोबर मी लंडनला दोनदा जेवलो, दहा दिवसांपूर्वी. आता हा वकील माणसं ओळखण्यात चुकतोय की खून झालाच नाही? त्याच्या आधी बेटमन पॉलच्या फ्लॅटवर जातो, जिथे प्रेतं असायला हवीत तिथे सगळं पांढरंशुभ्र रंगवलेलं, आणि घर दाखवणारी बाई त्याला थंडपणे सांगते की तुम्ही जा आणि परत येऊ नका. तिने सगळं साफ करून घेतलंय कारण फ्लॅटची किंमत पडेल, असंही असू शकतं. मुंबईत घर शोधलेल्या माणसाला हे पटायला काही अवघड नाही.

हॅरनने नंतर बोलून दाखवलं की लोक हे सगळं स्वप्न होतं समजून बाहेर पडतात हे तिचं अपयश वाटतं, तिला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणजे इतक्या कसलेल्या बाईचाही तोल जरा ढळला. तुम्ही पटकथा लिहिताना स्वतःपुरतं नक्की करा की काय खरं घडलं, मग ते लपवा. स्वतःलाच माहीत नसेल तर ती संदिग्धता नसते, गोंधळ असतो.

पायरी १०: सर्टिफिकेट, विरोध आणि दाखवून बघणं

आपल्याकडे आता यूए मध्ये ७, १३ आणि १६ अशा वयाच्या पायऱ्या आहेत, त्यावर ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. असला सिनेमा ए धरूनच बजेट मांडा, टीव्हीचे पैसे हिशेबात धरू नका. आणि कात्री कुठे लागेल याचा अंदाज नेहमी चुकतो हे पण लक्षात असू द्या, अमेरिकेत या सिनेमाला आधी एनसी-१७ (तिथलं सगळ्यात कडक, फक्त प्रौढांसाठीचं सर्टिफिकेट) मिळालं ते कुऱ्हाडीमुळे नाही, तिघांच्या बेडरूम सीनमुळे, काही सेकंद कापल्यावर त्याच्या एक पायरी खालचं आर मिळालं. टोरंटोत शूटिंगलाच विरोध झाला होता, पटकथा न वाचता, पुस्तकाच्या नावावरून. तेव्हा दोन पानांचं एक टिपण तयार ठेवा, आपण पुस्तकातलं काय घेतलंय, काय नाही आणि का, लोकेशनवाल्या सोसायटीपासून नटांच्या घरच्यांपर्यंत सगळ्यांना ते लागतं.

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, झाला की दहा-बारा अनोळखी लोकांना दाखवा, मित्रांना नको. पडद्याकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत बसा, कुठे हसतात, कुठे हसू अडकतं ते लिहा. नंतर बाकी काही विचारू नका, फक्त 'हा माणूस तुम्हाला आवडला का' एवढंच विचारा. आज इंटरनेटवर कितीतरी पोरं बेटमनला आदर्श समजून त्याचे रील टाकतात, सकाळचा व्यायाम, सूट, जबड्याची रेष, आणि खुद्द हॅरनने याचं आश्चर्य व्यक्त केलंय. तुमच्या खोलीतल्या दोघा-तिघांनी जरी 'भारी आहे राव तो' म्हणलं तर एडिटला परत जा आणि त्याच्या फजितीचा जो सीन लांबी वाढते म्हणून काढला होता ना, टेबल न मिळण्याचा किंवा कोणीतरी त्याचं नाव चुकवण्याचा, तो आधी परत आत घाला, आणि त्याला हिरो बनवणारा तो सुंदर स्लो मोशन शॉट काढून टाका, डीओपी (कॅमेरा सांभाळणारा छायाचित्रकार) कितीही रुसला तरी.